उपाशीची पाटी

आमच्या खोलीला किल्ली एकच होती. घणसोली गावात तिसऱ्या मजल्यावर, जिथे खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईची कोथिंबीर उचलता येते, अशा जागी ती खोली होती. एक लोखंडी कॉट, एक गादी, एक शेगडी, एक स्टीलचं ताट आणि पाण्याचा एक निळा ड्रम. तिथे आम्ही दोघी राहायचो आणि तिथे एकमेकींना जवळजवळ कधीच भेटायचो नाही. मी दिवसाला असले की ती रात्रीला, ती दिवसाला आली की मी रात्रीला. सुट्ट्या साठल्या की जी ती आपापल्या गावी, मी साताऱ्याला आणि ती परभणीकडे. म्हणून तर एका कॉटवर आमचं भागत होतं.

भेट व्हायची ती वॉर्डात, ओव्हरच्या वेळी. जाणारी पाळी येणाऱ्या पाळीला प्रत्येक पेशंटच्या पायथ्याशी उभं राहून सगळं सांगते, याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. कुणाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कुणाचे नातेवाईक तापट आहेत. शेवटच्या बेडचं झालं की जाणारी एप्रनच्या खिशातून खोलीची किल्ली काढून येणारीच्या हातावर ठेवायची. नाही, उलटं. येणारी जाणारीला द्यायची, कारण घरी जाणार ती. बघा, इतकी साधी गोष्ट सांगतानाही माझा गोंधळ होतो, आणि पुढे तर मी याहून अवघड गोष्ट सांगणार आहे.

ओव्हर म्हणजे भांडणाचं घर. रात्रपाळीला वाटतं दिवसपाळीला हात खूप आणि दिवसपाळीला वाटतं रात्रपाळी खुर्चीत डुलक्या घेते. रक्ताचे नमुने पाठवायचे राहिलेत, ट्रॉलीतला कापूस संपलाय, एका आजींची चादर बदललेली नाही, हे जाणारी अगदी जाता जाता, हळू आवाजात सांगते. ऐकणारी मान डोलावते आणि आत धुमसते. माझा राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. मी धुमसत नाही, मी सरळ बोलते. 'तुमची अर्धी ड्यूटी मीच करते, पगारही अर्धा द्या,' असं मी एकदा ऐकवलं होतं माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला. ती हसली होती. ती माझ्याहून लहान, वॉर्डात नवीन, प्रोबेशनवर. हसण्यावारी नेणं तिला भाग होतं, हे तेव्हा मला सुचलं नाही.

घरीही तेच चालायचं, फक्त तोंडी नाही. दुधाचं पातेलं ती साय चिकटलेलं ठेवून जायची, मी ओला टॉवेल गादीवर टाकून जायचे. मग पुढच्या भेटीत, कुणाच्या तरी सलाइनखाली, आम्ही त्याचा हिशोब करायचो. खाली राहणारी घरमालकीण, जिला आम्ही काकी म्हणायचो, ती म्हणायची, "एक जाते, एक येते. दोगी कंदी एकत्र जेवता का नाय गो? जत्रंतला पाळना हाय का घर हाय?"

आता पाटीचं सांगते, कारण सगळं तिच्यावर अडलं.

ऑपरेशन किंवा तपासणीसाठी ज्याला उपाशी ठेवायचं त्याच्या कॉटला आमच्या वॉर्डात एक पाटी बांधतात. हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मार्करने 'उपाशी', आणि टांगायला बँडेजची पट्टी. पूर्वी एकदा फरशी पुसणाऱ्या मावशींनी अशी पाटी अडचण होते म्हणून काढून ठेवली, पेशंटने पोहे खाल्ले आणि ऑपरेशन रद्द झालं. सर्जन इतके ओरडले की त्या दिवसापासून वॉर्डात नियम पडला: पाटी जिने बांधली तिनेच सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. मावशी तर पाटीच्या बाजूने झाडूसुद्धा वळवून न्यायच्या.

त्या दिवशी आठ नंबरच्या कॉटला पाटी होती. आठ नंबरवर एक आजोबा होते. तुर्भ्याच्या मार्केटमध्ये उभी हयात पोती वाहिलेले, मूळचे आमच्या साताऱ्याकडचे, आता कोपरखैरण्यात मुलाकडे राहणारे. पोट दुखत होतं म्हणून सकाळी स्कॅन करायचा होता. माझ्या मैत्रिणीची रात्रपाळी होती. पहाटे तिने पाटी बांधली. पण मी पोचायच्या थोडं आधी खालून फोन आला की स्कॅनचं मशीन बंद पडलंय, आज काही होत नाही, पेशंटला खायला द्या. हा फोन आला होता आणि तिनेच घेतला होता, यावर कुणाचंच दुमत नाही. दुमत आहे ते पुढच्या मिनिटावर.

मी त्या सकाळी आधीच बिनसलेली होते. गावात पाणी उशिरा आलं होतं. ड्रम भरेपर्यंत थांबले असते तर ड्यूटी चुकली असती, म्हणून नळ बंद करून, रिकामा ड्रम तसाच ठेवून मी निघून आले. रात्रभर उभी राहून घरी जाणाऱ्या बाईला अंघोळीला पाणी नाही, हे मला माहीत होतं. मला अपराधी वाटत होतं, आणि अपराधी वाटलं की मी आणखी तिरसट होते. ओव्हर सुरू झाली. दोन नंबरचं रक्त पाठवायचं राहिलंय म्हणाली, मी ओठ आवळले. पाच नंबरची पट्टी बदलायची राहिलीय म्हणाली, मी उसासा टाकला. आठ नंबरपाशी आलो तेव्हा मी म्हणाले, "आणि हो, पाणी भरलेलं नाही. उशिरा आलं."

ती थांबली. इतका वेळ ती एकेक राहिलेलं काम सांगून माझं तोंड बघत होती. आता तिला संधी मिळाली. "म्हणजे तूबी काम टाकूनच आलीस की. माझ्यावर काय तोंड वाकडं करायलीस मग?" मी म्हणाले, "नळ माझ्या बापाचा नाही." ती म्हणाली, "रक्तबी माझ्या बापाचं न्हाई." आजोबा उशीवरून आमच्याकडे आलटून पालटून बघत होते. हे सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. तिच्या कानामागची सुटलेली बट आठवते. आजोबांच्या कॉटखालची निळी चप्पल आठवते. पण 'स्कॅन रद्द झालाय, खायला दे' हे वाक्य त्या भांडणात होतं की नव्हतं, हे मला आठवत नाही. तेव्हाही आठवलं नाही, आजही नाही.

किल्ली तिच्या हातावर टेकवली आणि ती गेली.

नाश्त्याची ट्रॉली आली, पाटी बघून पुढे गेली. सूनबाई डबा घेऊन आल्या, पाटी बघून डबा परत पिशवीत घातला आणि बाकावर बसून राहिल्या. दुपार झाली. स्कॅनची रांग लांबते, हे आमच्याकडे रोजचंच. तरी मी एकदा खाली फोन लावला. वाजत राहिला. मशीनच बंद, तर टेबलावर कोण बसणार, हे मला नंतर कळलं. मैत्रिणीला फोन लावला तर तो बंद, कारण ती झोपली होती. मी आजोबांना विचारलं, "बाबा, भूक लागली असेल ना?"

ते म्हणाले, "न्हाई पोरी. आज सोमवार हाय. म्हादेवाचा उपास आसतुय माजा. तुमचा बी झाला आन् त्याचा बी झाला."

मला हायसं वाटलं, खरं सांगते. आयताच उपास निघाला म्हणून मी चक्क हसले. एका बेडची काळजी कमी झाली असं समजून मी पाच नंबरची पट्टी बदलायला गेले.

आजोबांनी सकाळी उठल्या उठल्या घरून आणलेल्या डबीतली शुगरची गोळी घेतली होती, सवयीने, कुणाला न सांगता. चहाच्या वेळी ते बाथरूमला गेले आणि येताना भिंतीला धरत धरत खाली बसले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, नजर ठरत नव्हती. मला ते सूनबाईंच्या नावाने हाक मारायला लागले. साखर तपासली तर तळाला गेलेली. ग्लुकोज चढवलं, डॉक्टर धावत आले, आणि थोड्या वेळाने आजोबांनी डोळे नीट उघडून विचारलं, "उपास मोडला का गं?" मी त्यांचा हात धरून उभी होते. स्कॅन सकाळीच रद्द झाला होता, हे मला त्या डॉक्टरांकडून कळलं. सूनबाई कॉरिडॉरमध्ये रडत म्हणत होत्या, "दिवसभर माणूस कशासाठी उपाशी ठेवला, ते तरी सांगा."

संध्याकाळी ती आली, केस धुतलेले, ताजीतवानी. आठ नंबरपाशी येऊन तिने पाटी पाहिली आणि ग्लुकोजची बाटली पाहिली. तिचा चेहरा उतरला.

"हे काय? मी सांगितलं होतं ना तुला."

"नाही सांगितलंस."

"सांगितलं होतं. स्कॅन रद्द झाला म्हणून."

"मग पाटी का नाही सोडलीस? तुझी पाटी होती."

तिने वाकून बँडेजची गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण दिवसभरात कुणाकुणाच्या धक्क्याने ती घट्ट झाली होती. शेवटी तिने कात्रीने कापली. ओव्हरच्या रजिस्टरमध्ये बघावं तर पहाटे लिहिलेलं 'स्कॅनसाठी उपाशी' एवढंच होतं. त्यावरून काही ठरत नव्हतं. आम्ही सगळ्याच आधी लिहितो आणि बदललेलं तोंडी सांगतो. तिने किल्ली माझ्याकडे न बघता दिली.

खोलीवर आले तर ड्रम काठोकाठ भरलेला. काकी जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "तिनं माज्याकडनं पाइप लावून भरला. झोपलीच नाय बाय ती दुपारपातूर. म्हनली, येल ती दमून, पानी नसंल तर चिडंल." ताटावर झाकायला दुसरं ताट नव्हतं म्हणून तिने पातेल्याचं झाकण पालथं घालून माझ्यासाठी पिठलं आणि दोन भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. मला रडू आलं आणि त्याच वेळी तिचा रागही आला. इतकं सगळं लक्षात ठेवणारी बाई एक पाटी सोडायची विसरते कशी? आणि विसरली नसेल, सांगितलं असेल, तर मग मीच कोण?

जेवण मला गेलं नाही. मी ते आठ नंबरचं मिनिट पुन्हा पुन्हा उभं करून बघत होते. एकदा वाटायचं, ती बोलली होती, हळू आवाजात, जसं राहिलेलं काम सांगतात तसं. एकदा वाटायचं, छे, मी तिच्या ओठांकडेच तर बघत होते. ती उगाच ठासून बोलणाऱ्यांतली नाही. ती म्हणते सांगितलं, म्हणजे सांगितलं असेल. शिवाय माझी नोकरी पक्की होती. मला फार तर चार बोलणी बसली असती. तिचं प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं, आणि अशा वेळी एक मेमो म्हणजे परभणीची गाडी. गावाकडे तिच्या आईने अख्ख्या वस्तीत सांगून ठेवलं होतं की पोरगी मुंबईला सिस्टर आहे. आईला नवी मुंबई वेगळी असते हेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅट्रन मॅडमनी आधी तिला आत बोलावलं, मग मला. दारात आम्ही एकमेकींना ओलांडून गेलो. मॅडम म्हणाल्या, "लेखी नंतर. आधी मला तोंडी सांग. तिने तुला सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "माझ्या डोक्यातून गेलं."

हे मी तिला वाचवायला बोलले, की तोवर मला खरंच तसं वाटायला लागलं होतं, याचा मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती आत्ता काय म्हणून गेली माहितीय? तिने सांगितलंच नाही. म्हणे, दिदी म्हणते नाही सांगितलं, तर नसेलच. काल संध्याकाळी सगळ्या वॉर्डासमोर तू नाही म्हणत होतीस, ती हो म्हणत होती. आज ती नाही म्हणते, तू हो म्हणतेस. तो आठ नंबरचा बाबा म्हणतो, सिस्टरचा काय दोष, माझाच उपास होता. तुम्ही तिघं मिळून मला टेन्शन देऊन मारणार आहात का?"

मी टेबलावरच्या चष्म्याकडे बघत उभी राहिले.

"एक गोष्ट मला कळली," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघी ओव्हर देत नाही, घरचं भांडण देता. आजपासून एकमेकींना ओव्हर द्यायचीच नाही. दोघी एकाच पाळीला. आणि पाटीचा तो नियम बंद. जी ड्यूटीवर तिने सोडायची." मेमो कुणालाच मिळाला नाही, पण तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. तिला घालवलं नाही आणि पक्कीही केली नाही. मला तर तेही मिळालं नाही. मला काहीच मिळालं नाही, आणि ते मला फार जड गेलं.

आजोबा बरे होऊन घरी गेले. जाताना मला म्हणाले, "तू बी आमच्याकडचीच. येत जा की घरी." सूनबाई माझ्याकडे न बघता त्यांची पिशवी आवरत होत्या.

मग ती संध्याकाळ आली. पहिल्यांदाच आम्ही दोघी एका वेळी वॉर्डातून सुटलो आणि एकाच रिक्षाने घणसोलीला आलो. किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे दारात पोचेपर्यंत दोघींनाही आठवेना. दोघींनी आपापल्या पर्स उपसल्या. माझ्या पर्समध्ये सापडली. काकी खालून ओरडल्या, "अगो बाय, आज दोगी?"

खोलीत शिरल्यावर आम्हाला कळेना की उभं कुठे राहायचं. कॉट एक, तिच्यावर कुठल्या बाजूला कोण बसणार हे कधी ठरवायची वेळच आली नव्हती. तिने भात लावला, मी कांदा चिरला. ती मीठ घालायला गेली आणि मी म्हणाले, घातलंय. ती म्हणाली, कधी घातलंस? मी म्हणाले, घातलंय की नाही ते आता मलाच कळत नाहीये. दोघींनी चाखून बघितलं. नव्हतं घातलं.

ताट एकच. तिने त्यात भात-आमटी वाढली आणि माझ्याकडे सरकवलं. "तू जेव आधी. सकाळपासून काही खाल्लं न्हाईस." मी ते तिच्याकडे सरकवलं. ते दोन-तीनदा इकडून तिकडे गेलं आणि शेवटी आमच्या मध्ये फरशीवर राहिलं. आम्ही दोन बाजूंनी जेवायला बसलो. खोली घेतल्यापासून हे पहिलंच एकत्र जेवण होतं.

अर्धं ताट झाल्यावर मी विचारलं, "खरं सांग. तू मला सांगितलं होतंस?"

ती घास तसाच धरून बसली. "मला न्हाई आठवत गं," ती म्हणाली. "आधी वाटलं, सांगितलं. तू न्हाई म्हणालीस, मग वाटाया लागलं, न्हाईच सांगितलं. तू कशाला खोटं बोलशील? पण एक गोष्ट आठवती. पाटीच्या गाठीला मी हात लावला होता. सोडतच होते. अन् तू म्हणालीस, पाणी भरलेलं न्हाई."

तिने तो घास खाल्ला आणि माझ्या बाजूला थोडा भात सारला.

ती पुढे पक्की झाली, आम्ही आणखी एक ताट आणलं, मग आणखी एक खोली बघितली. पण तिने त्या संध्याकाळी सांगितल्यापासून मला तो हात दिसतो. आठ नंबरचा पायथा, बँडेजची पट्टी, तिची दोन बोटं गाठीत, आणि माझं तोंड उघडतंय. इतकं स्पष्ट दिसतं की मी शपथेवर सांगू शकेन. फक्त तो हात मी तेव्हा पाहिला होता, की तिने सांगितला म्हणून मला दिसायला लागला, एवढंच मला कळत नाही, आणि विचारायचं तर तीही तेच म्हणते, की तिलाही आता कळत नाही.